मानण्यात येईल

(चंद्रपूर येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते इंग्रजीचे शिक्षक होते. म्हणून एका इंग्रजी क्रियापदावर बोलावे असे मी संयोजकांना कळवले. क्रियापद आहे ‘डीम’. त्यावर मला विचारणा झाली की हे जुनाट क्रियापद चंद्रपुरात वापरतो कोण? शंका रास्त आहे. आज लंडनमध्येही चहा पिताना कोणी हे क्रियापद उच्चारणार नाही, उच्चारलेच तर समोरचा हसेल. पण चंद्रपूर आणि गडचिरोली या आपल्या दोन जिल्ह्यांत हे क्रियापद रोज काम करते. तलाठ्याच्या दप्तरात, वनविभागाच्या नोटिशीत आणि कोर्टातल्या अर्जात ते असते. आलापल्लीपासून ब्रह्मपुरीपर्यंत कोणाची गुरे कुठे चरतील, कोणाची जबरानजोत, म्हणजे वनजमिनीवर ताबा घेऊन केलेली शेती, कायदेशीर ठरेल आणि कोणाच्या घराखालची जमीन अचानक जंगल होईल, यात त्याचा हात असतो. बोलण्यातून ते गेले आणि जमिनीत जाऊन बसले. त्याचा हा प्रवास आज सांगायचा आहे.

आधी त्याचे कूळ पाहू. जुन्या इंग्रजीत ‘डोम’ म्हणजे निवाडा आणि ‘देमान’ म्हणजे निवाडा करणे. याच ‘डोम’चा पुढे ‘डूम’ झाला. डूम म्हणजे सर्वनाश, असे आपण शाळेत शिकलो, पण मूळ अर्थ नुसता न्यायनिवाडा एवढाच होता. शेवटच्या निवाड्याच्या दिवशी बहुतेकांचे काही खरे नाही, ही ख्रिस्ती धास्ती त्या शब्दाला चिकटली आणि त्याचे तोंड काळे झाले. विल्यम राजाने १०८६ साली इंग्लंडच्या जमिनीची मोजदाद करवली. त्या दप्तराला लोकांनीच ‘डूम्सडे बुक’ असे नाव दिले, कारण त्यात जे लिहिले त्यावर अपील नाही. आपल्याकडे जमीन-बंदोबस्ताच्या वेळी जे लिहिले गेले त्याबद्दल आपले आजोबा-पणजोबा असेच म्हणत असतील. आयल ऑफ मॅन या लहानशा बेटावर न्यायाधीशाला आजही ‘डीमस्टर’ म्हणतात, आणि हॉल केन या लेखकाची त्याच नावाची कादंबरी १८८७ साली फार गाजली होती.

या धातूचे गोत्र आपल्या घरातलेच आहे. ‘ठेवणे, स्थापन करणे’ या अर्थाचा एक आदिम धातू इकडे संस्कृतात ‘धा’ झाला आणि तिकडे जर्मानिक भाषांत शिरून त्याचे ‘डू’, ‘डोम’, ‘डीम’ झाले. विधी, विधान, निधी, संविधान हे सगळे ‘धा’चेच वंशज. म्हणजे इंग्रजांनी जेव्हा ‘शॅल बी डीम्ड’ असे कलम लिहिले आणि आपण त्याला ‘विधान’ म्हटले, तेव्हा दोन दूरचे चुलतभाऊ एका कागदावर भेटले. मात्र ‘रिडीम’ या क्रियापदाला या कुळात घेऊ नका. ते लॅटिनमधून आले, त्याचा अर्थ परत विकत घेणे, आणि दोघांचे साधे बोलणेचालणेही नाही.

इंग्रजी कवी चौसरच्या काळात, म्हणजे चौदाव्या शतकात, हे क्रियापद निवाडा करणे आणि मत असणे या दोन्ही अर्थांनी चालते. शेक्सपिअरपर्यंत येता येता निवाड्याचा अर्थ फिका पडून मताचा अर्थ वर आला. ‘ट्रॉयलस अँड क्रेसिडा’ या नाटकात तो त्याचे नाम करून वापरतो, जणू ‘माझ्याबद्दल हा कसला दुष्ट समज’ अशा अर्थाने. त्याच्या चोपन्नाव्या सुनीतात गुलाबाच्या निमित्ताने दिसणे आणि मानणे यांतला फरक या क्रियापदावर उभा केला आहे. डोळ्यांना जे दिसते ते एक आणि मनाने त्याला जे लेखले ते दुसरे. या फरकाकडे लक्ष असू द्या, कारण पुढे येणारा झुडपी जंगलाचा सगळा खटला याच फटीतून जातो.

पुढे रोमँटिक कवींनी ते वृत्तात बसवायला सोयीचे म्हणून वापरले आणि एकोणिसाव्या शतकातल्या कादंबरीकारांनी पाद्री, वकील आणि आढ्यतेखोर काका यांच्या तोंडी घातले. साहित्यातला शब्द विनोदी पात्राच्या तोंडी गेला की त्याची बोलण्यातली नोकरी संपत आल्याचे ते लक्षण असते. मराठीत ‘लेखणे’ या क्रियापदाची नेमकी हीच गत झाली. जुन्या मराठीत लेखणे म्हणजे मोजणे, समजणे, मानणे. आज ते ‘तुच्छ लेखणे’ आणि ‘कमी लेखणे’ या दोन कोपऱ्यांत राहते. कोणी कोणाला ‘थोर लेखले’ असे आपण बोलत नाही. एका सभ्य क्रियापदाकडे फक्त अपमानाचे खाते उरले, हे मला जरा अन्यायाचे वाटते.

‘डीम’चे नशीब मात्र बलवत्तर. बोलण्यातून निवृत्त झाले आणि कायद्यात त्याला तहहयात पेन्शन मिळाली. तिथे त्याला नवेच काम दिले गेले. निवाडा नाही, मतही नाही, तर जे नाही ते आहे असे धरून चालणे. वकील मंडळी याला कायदेशीर कल्पित म्हणतात. १९५१ साली इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढे एक खटला आला. त्यात लॉर्ड अ‍ॅस्क्विथ यांनी जे सांगितले त्याचा आशय असा : कायद्याने एखादी काल्पनिक स्थिती खरी धरायला सांगितली असेल, तर तिच्यामागून अपरिहार्यपणे येणारे सगळे परिणामही खरे धरा, तिथे आपली कल्पनाशक्ती बुजू देऊ नका. त्यांनी वापरलेले ‘बॉगल’ हे क्रियापदही जुने आहे आणि मूळचे घोड्याचे आहे. अंधारात भुतासारखे काही दिसल्यावर घोडा बुजतो, ते बॉगल. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९५३ साली मुंबई राज्याच्या एका खटल्यात हाच विचार उचलला आणि तेव्हापासून भारतातल्या न्यायालयांत तो इतक्या वेळा उद्धृत झाला की बिचाऱ्या घोड्याला आता बुजायलाही सवड नाही.

हे कल्पित दर वेळी वाईटच असते असे नाही. मुंबईच्या कूळकायद्यात १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. त्या दिवशी कुळाने आपल्या मालकाकडून जमीन ‘विकत घेतल्याचे मानले’ गेले. प्रत्यक्षात त्या सकाळी कोणी कोणाला पैसे मोजले नव्हते की खरेदीखत लिहिले नव्हते. नुसत्या एका क्रियापदाने कसणारे मालक झाले. आपल्या विदर्भासाठी १९५८ चा वेगळा कूळकायदा झाला, तारखा पुढे गेल्या, पण युक्ती तीच. दत्तक मुलाबद्दल १९५६ चा कायदा म्हणतो की दत्तक झाल्या दिवसापासून तो त्याच घरात जन्मलेला मानावा. ही कल्पना बुजण्यासारखी नाही, माणुसकीची आहे.

आणि याच क्रियापदाचे विनोदही आहेत. माहिती अधिकार कायद्याखाली तुम्ही अर्ज केला आणि अधिकारी ३० दिवस गप्प बसला, तर त्याने माहिती नाकारल्याचे मानले जाते. नगररचना कायद्याखाली बांधकामाचा अर्ज केला आणि अधिकारी ६० दिवस गप्प बसला, तर त्याने परवानगी दिल्याचे मानले जाते. गप्प बसणे तेच, माणूसही कदाचित तोच, पण एका टेबलावर त्याचा अर्थ नाही आणि दुसऱ्यावर हो.

मराठीत या क्रियापदाचे काय केले गेले? विद्यापीठांच्या बाबतीत ‘अभिमत’ असा तत्सम शब्द आला. लोकांनी तो स्वीकारला नाही, ते ‘डीम्ड युनिव्हर्सिटी’च म्हणतात. सोसायट्यांच्या जमिनीसाठी ‘मानीव अभिहस्तांतरण’ आले. त्यातला ‘मानीव’ हा शब्द मला मनापासून आवडतो. तो ‘कोरीव’, ‘घोटीव’, ‘आखीव’ या रांगेत सहज बसतो, आणि कोणीतरी मानले म्हणून हे असे आहे ही गोष्ट लपवत नाही. कायद्याच्या कलमांत मात्र ‘मानण्यात येईल’ असा साचा रुळला आहे, आणि माझी आजची तक्रार या ‘येईल’शी आहे. मानण्यात येईल, पण मानणार कोण? वाक्यात कर्ताच नाही. इंग्रजी वाक्यातही नव्हता. पाऊस येईल, पूर येईल, तसे मानण्यात येईल.

आपल्या बोलीत ‘मानणे’ असे निराधार नसते. देव मानतो तो भक्त. पंचांचा शब्द मानतो तो गाव. ‘मानलेला भाऊ’ हे नाते आपल्याकडे किती जुने आहे ते सांगायला नको. तेही कायदेशीर कल्पितासारखेच कल्पित आहे : रक्ताचा नाही, पण रक्ताचा असल्याप्रमाणे सगळे परिणाम त्यामागून येतात, ओवाळणीपासून लग्नातल्या मानपानापर्यंत. फरक इतकाच की तिथे मानणारी आणि मानला जाणारा, दोघेही हजर असतात आणि दोघेही राजी असतात. एखाद्या अनोळखी माणसाने तारखेनिशी नोटीस लावून ‘अमुक दिवसापासून तू माझा भाऊ असल्याचे मानण्यात येईल’ असे कळवले, तर काय उत्तर मिळेल?

जंगलाला नेमकी अशीच नोटीस मिळाली. भारतीय वन अधिनियम १९२७, कलम २०. सरकार अधिसूचना काढून जंगलाच्या सीमा सांगते, एक तारीख ठरवते, आणि त्या तारखेपासून ते जंगल राखीव वन असल्याचे मानले जाते. आदल्या दिवशी तिथे कोणी मोहफुले वेचत होते, डिंक काढत होते, बांबूची काठी तोडून आणत होते. दुसऱ्या दिवशी तीच कृती गुन्हा. झाड हलले नाही, माणूस हलला नाही, फक्त क्रियापद येऊन गेले. त्याच्या आधी लोकांनी हक्क सांगावेत म्हणून किमान तीन महिन्यांची मुदत असते, हे खरे. पण कलम ९ म्हणते की ज्या हक्काबद्दल दावा आला नाही तो हक्क संपला. याच कायद्यात कलम ६९ आहे. वनोपज कोणाचे असा वाद झाला तर उलट सिद्ध होईपर्यंत ते सरकारचे आहे असे गृहीत धरले जाते. तिथे निदान उलट सिद्ध करायला जागा आहे. गृहीत धरलेले पुराव्याने मोडता येते, मानलेले मोडता येत नाही. वकिलीच्या परीक्षेत हा फरक विचारतात. धानोरा आणि एटापल्ली तालुक्यांत तो लोक परीक्षेविना शिकले.

इथे एक गमतीची गोष्ट सांगतो. ‘फॉरेस्ट’ हा शब्दच जन्माने मानीव आहे. त्याचा मूळ अर्थ झाडी नव्हे. बहुतेक कोशकार तो ‘बाहेर’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापर्यंत नेतात. नॉर्मन राजांच्या काळात फॉरेस्ट म्हणजे सामान्य कायद्याच्या बाहेर काढलेली, राजाच्या शिकारीसाठी राखलेली जमीन. त्यात गावे असत, कुरणे असत, शेतेही असत. झाड एकही नसले तरी राजाने म्हटले की ते फॉरेस्ट. दक्षिण इंग्लंडातले न्यू फॉरेस्ट १०७९ च्या सुमाराचे. लोकांनी इतका त्रास काढला की १२१७ साली वेगळी वनसनद काढून त्यांना चराईचे आणि सरपणाचे हक्क परत द्यावे लागले. मॅग्ना कार्टा जगाला ठाऊक आहे, तिची ही धाकटी बहीण फारशी कोणाला ठाऊक नाही. सरपण, चराई, मध हे शब्द आपल्या निस्तार पत्रकात, म्हणजे गावाच्या वापर-हक्कांच्या नोंदीत, वाचताना मला ही सनद नेहमी आठवते. आठशे वर्षांचे अंतर आणि मागणी तीच.

आता दुसरा शब्द, जंगल. इंग्रजीने तो आपल्याकडून नेला आणि त्याचे घनदाट, ओले, वेलींनी गुरफटलेले चित्र करून परत पाठवला. मूळ संस्कृत ‘जाङ्गल’ याच्या नेमके उलट. आयुर्वेदाच्या ग्रंथांत देशांचे प्रकार सांगितले आहेत. दलदलीचा, पाणथळ तो आनूप, आणि कोरडा, मोकळा, विरळ काटेरी झुडपांचा तो जांगल. म्हणजे आपल्या महसूल दप्तरात ज्या कारकुनाने पडीक, माळरानासारख्या जमिनीपुढे ‘झुडपी जंगल’ असे लिहिले, त्याने नकळत या शब्दाचा सर्वांत जुना अर्थ वापरला. त्याला सांगायचे होते की इथे शेती होत नाही, झुडपे आहेत, गावाची गुरे चरतात. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशा नोंदीची सुमारे ८६ हजार हेक्टर जमीन निघाली.

मग १२ डिसेंबर १९९६ हा दिवस आला. गोदावर्मन थिरुमुलपाड यांच्या याचिकेत सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की १९८० च्या वनसंवर्धन कायद्यातला ‘फॉरेस्ट’ हा शब्द त्याच्या शब्दकोशातल्या अर्थाने घ्यायचा, आणि सरकारी नोंदीत जे जे वन म्हणून लिहिले असेल ते ते, मालकी कोणाचीही असो, वनजमीन समजायचे. मी भाषेचा माणूस. शब्दकोशाला एवढा मान मिळालेला पाहून मला आनंद व्हायला हवा. देशभर बेछूट चाललेली तोड त्या आदेशाने रोखली, ईशान्येतल्या करवती थांबल्या, आणि त्याबद्दल न्यायालयाचे ऋण मानलेच पाहिजे. पण कोणता शब्दकोश? इंग्रजीतला ‘फॉरेस्ट’ आणि महसुली मराठीतले ‘झुडपी जंगल’ यांची गाठ ज्या कोशात पडते, असा कोश अजून कोणी रचलेला नाही. त्या झुडपी जमिनींवर दरम्यान शाळा झाल्या होत्या, ग्रामपंचायतींची कार्यालये झाली होती, घरकुले उभी राहिली होती, स्मशाने होती. या सगळ्यांना एका रात्रीत वनात राहणारे व्हावे लागले.

वाद जवळजवळ तीन दशके चालला. २२ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश भूषण गवई आणि न्यायमूर्ती ऑगस्टिन जॉर्ज मसीह यांच्या पीठाने निर्णय दिला. झुडपी जंगलाची जमीन १९९६ च्या आदेशाप्रमाणे वनजमीनच, मात्र १२ डिसेंबर १९९६ पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने वाटप केलेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राची मंजुरी मागावी आणि ती वाट मोकळी ठेवावी. मला हा निकाल शहाणपणाचा वाटतो. दिसणे आणि मानणे यांतली फट त्याने बुजवली नाही, पण त्या फटीत अडकलेल्या माणसांना बाहेर यायला पायरी दिली. १९९६ नंतरच्या वाटपांचे काय, अतिक्रमणांचे काय, हा हिशेब बराच काळ चालेल.

ताडोब्याचेही पाहा. १९५५ साली ताडोबा राष्ट्रीय उद्यान झाले तेव्हा चांदा (चंद्रपूरचे जुने नाव) जिल्हा जुन्या मध्य प्रदेश राज्यात होता. १९७२ चा वन्यजीव कायदा आला आणि त्याने कलम ६६ मध्ये सांगितले की आधीच्या कायद्यांखाली जाहीर झालेली उद्याने या कायद्याखालीच जाहीर झाल्याचे मानावे. म्हणजे सफारीच्या जिप्सीतून तुम्ही जे पाहता ते कायद्याच्या लेखी मानीव राष्ट्रीय उद्यान आहे. वाघ मात्र अस्सल.

आता बांबू. वनस्पतिशास्त्र सांगते की बांबू हे गवत आहे. बुरूड समाजाला आणि आपल्या गोंड-माडिया शेजाऱ्यांना हे पुस्तकातून शिकावे लागत नाही. पण १९२७ च्या वन कायद्याने व्याख्येत लिहिले की ‘झाड’ या शब्दात ताड, बांबू, खुंट, झुडूप आणि वेत हे येतात. बांबू झाड झाला आणि त्याची तोड लाकूडतोड झाली. बल्लारपूरच्या कागद कारखान्यासाठी तो वर्षानुवर्षे सरकारी करारावर जात राहिला आणि गावातल्या माणसाला टोपली विणायला काठी आणायची तर नाक्यावर उत्तरे द्यावी लागत. इथे ‘डीम’ हा शब्द नाही, ‘इन्क्लूड्स’ आहे. पण सख्खे भाऊ ते.

२००६ च्या वनहक्क कायद्याने दोन गोष्टी केल्या. एक, बांबूला गौण वनोपजात घेतले, म्हणजे निदान एका कायद्यात तो पुन्हा गवताच्या पंगतीला बसला. दोन, आणि माझ्या विषयाच्या दृष्टीने हे जास्त मोठे आहे, कायद्याने क्रियापद बदलले. इथे ‘हक्क असल्याचे मानले जाईल’ असे नाही. इथे ‘हक्क मान्य करण्यात येत आहेत’ असे आहे. इंग्रजीत ‘रेकग्नाइझ’. या क्रियापदाच्या पोटात ‘पुन्हा’ दडलेला आहे : जे आधीपासून होते, ते पुन्हा ओळखले. कायद्याच्या प्रास्ताविकात ऐतिहासिक अन्यायाचा उल्लेख आहे, तो याच क्रियापदाला धरून आहे. मानणे आणि मान्य करणे हे मराठीत एकाच घरातले शब्द, पण पहिल्यात मानणाऱ्याची मर्जी असते आणि दुसऱ्यात समोरच्याचे अस्तित्व कबूल करावे लागते.

याच कायद्याच्या कलम ६ मध्ये वाक्याला कर्ता आहे. ग्रामसभा. हक्कांचे स्वरूप आणि विस्तार ठरवण्याची प्रक्रिया सुरू करण्याचा अधिकार ग्रामसभेला. १९२७ च्या कायद्यातल्या ‘मानले जाईल’ शेजारी हे वाक्य ठेवून वाचा. व्याकरणाच्या शिक्षकाला यापेक्षा चांगले उदाहरण मिळणार नाही.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखा गावाने हे कर्तेपण किती गांभीर्याने घेतले ते आपण जाणता. (या नावातल्या ‘लेखा’चा माझ्या ‘लेखणे’शी संबंध लावण्याचा मोह मी टाळतो आहे.) २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांचा सामूहिक वनहक्क मान्य झाला. त्यानंतरही बांबू विकायचा तर वाहतूक पास वनविभागाचा. हक्क दिला आणि किल्ली ठेवून घेतली. गाव अडून बसले. मार्च २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबू गौण वनोपज असल्याचे स्पष्ट केले, आणि २७ एप्रिल २०११ रोजी ते स्वतः मेंढ्यात आले. मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाणही होते. पासांचे पुस्तक गावचे नेते देवाजी तोफा यांच्या हाती दिले गेले. कागदाच्या त्या पुस्तकासाठी दिल्ली आणि मुंबई दोन्हींना गावात यावे लागले. गावाची घोषणाही तशीच होती : दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. मोहन हिराबाई हिरालाल यांनी या गावासोबत आयुष्य घातले. ते आज आपल्यात नाहीत, आणि सर्वसहमतीने निर्णय घेण्याच्या तिथल्या रीतीबद्दल त्यांच्याकडून ऐकणे ज्यांना मिळाले ते भाग्यवान. सर्वसहमती म्हणजे एक जरी माणूस राजी नसेल तरी थांबायचे. मानलेल्या भावाचा जो नियम, तोच.

चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातल्या पाचगावला २०१२ साली सुमारे एक हजार हेक्टरवर हक्क मिळाला. तिथल्या ग्रामसभेने एक निर्णय घेतला जो ऐकून अनेक जाणकार चक्रावले. तेंदूपत्ता तोडायचा नाही. हातात रोकडा येत असताना नाही म्हटले, कारण त्यासाठी झाडे छाटली जातात आणि जंगलात आगी लावल्या जातात. लोकांच्या हाती दिले की जंगल संपेल, असे जे शहरात बसून मानतात, त्यांनी पाचगाव पाहून यावे. गडचिरोली जिल्ह्यात आज हजाराहून अधिक गावांचे सामूहिक वनहक्क मान्य झाले आहेत. देशात इतके काम फार थोड्या जिल्ह्यांत झाले आहे. सगळीकडे पाचगावसारखे घडत नाही, हेही सांगितले पाहिजे. काही गावांत ठेकेदार ग्रामसभेच्या नावाने लिलाव चालवतो आणि ठरावावर अंगठे घेतले जातात. वाक्यात कर्ता आला म्हणून तो जागा असतोच असे नाही.

बांबूच्या कहाणीचे शेपूट राहिले. नोव्हेंबर २०१७ मध्ये वटहुकूम आणि पुढे कायदा करून १९२७ च्या व्याख्येतून ‘बांबू’ हा शब्द काढून टाकला. नव्वद वर्षांनी झाडाचे पुन्हा गवत झाले. अर्थात बिगरवन जमिनीवरच्या लागवडीसाठी. जंगलातला बांबू अजूनही वनोपजच. आणि २०२३ साली वनसंवर्धन कायद्यात दुरुस्ती होऊन त्याला संस्कृतप्रचुर नवे नाव मिळाले, वनाची व्याख्या आवळली गेली, तेव्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितले की पुढचा निर्णय होईपर्यंत १९९६ चा शब्दकोशातला अर्थच चालवा. थोडक्यात, कोश अजून उघडा आहे.

भाषेच्या विद्यार्थ्यांना, आणि इथे बसलेल्या वकील व शिक्षक मंडळींना, एक विनंती करतो. १९२७ च्या त्याच कायद्यात, कलम २० च्या लगेच पुढे, कलम २१ आहे. राखीव वनाच्या अधिसूचनेचे स्थानिक भाषेत भाषांतर करून ते जंगलाशेजारच्या प्रत्येक गावात प्रसिद्ध करावे, असे ते वन अधिकाऱ्याला सांगते. म्हणजे या क्रियापदाचे भाषांतर करणे हे कायद्यानेच कर्तव्य ठरवले आहे. आपल्या मुलखात स्थानिक भाषा कोणती? झाडीपट्टीत झाडीबोली, सिरोंच्याकडे तेलुगू, कोरची-कुरखेड्यापासून भामरागडपर्यंत गोंडी आणि माडिया. यांपैकी ‘मानण्यात येईल’ हे छापील मराठी किती जणांची स्थानिक भाषा आहे, याचा अंदाज आपण करू शकता. गोंडी आणि माडिया बोलणारी, शिकलेली, वकिली करणारी मुले-मुली आज या जिल्ह्यांत आहेत. वनहक्काच्या दाव्यांत, अधिसूचनांत आणि भूसंपादनाच्या नोटिशींत येणाऱ्या शंभरएक क्रियापदांचा एक छोटा कोश त्यांनी करावा, प्रत्येक क्रियापदापुढे ‘हे कोण करतो’ असा रकाना ठेवावा, आणि तो ग्रामसभेत मोठ्याने वाचता येईल अशा बोलीत लिहावा. छपाईचा खर्च या व्याख्यानमालेने उचलावा, असे मी संयोजकांना सर्वांसमक्ष सुचवतो. कलम २१ आजही लागू आहे.